नळी जळगावची, शिक्का धुळ्याचा

आमचा कारखाना म्हणजे जळगावच्या एमआयडीसीतले दोन शेड. एकात पाइप निघतो, दुसऱ्यात ठिबकची फिटिंग. तो माझ्या सासऱ्यांनी उभा केला. त्यांना घरात आणि कारखान्यात सगळे नानाच म्हणतात. मी माहेरची धुळ्याची. प्लास्टिकचा डिप्लोमा केलेला होता म्हणून नानांनी मला सून करून घेतलं असं नातेवाईक चेष्टेनं म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. लग्नानंतर वर्षभरातच फिटिंगचा शेड त्यांनी माझ्या ताब्यात दिला. यजमान विक्री बघतात. ते महिन्यातले बरेच दिवस वऱ्हाडात आणि मध्य प्रदेशात दुकानदारांकडे फिरत असतात, त्यामुळे या हकिगतीत ते फारसे नाहीत.

ठिबकचा धंदा हंगामी. केळीच्या लागवडीच्या दिवसांत मशीनला उसंत नसते आणि पावसाळ्यात माणसं बसून राहतात. त्या रिकाम्या महिन्यांत काहीतरी काम मिळावं म्हणून मी सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर निविदा चाळत असे. तिथं एकदा एका दारूगोळा कारखान्याची निविदा दिसली. तो कारखाना आपल्या भागातला नाही. त्याचं नाव मी लिहीत नाही, इथल्या कुणाला त्याची गरजही नाही. त्यांना उखळी तोफेच्या गोळ्यांसाठी प्लास्टिकच्या नळ्या हव्या होत्या. एका नळीत एक गोळा. वर फिरवून बसवायचं झाकण, आत रबरी रिंग, रंग लष्करी हिरवा.

मी नकाशा नानांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला.

“हा तर आपला पाइपच आहे,” ते म्हणाले. “बूड आणि झाकणाचा साचा करावा लागेल, एवढंच.”

नकाशाच्या खाली सूचना होत्या. नळीत पाण्याचा थेंब किंवा दमट हवा शिरता कामा नये, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. तसं का, हे मी नंतर एका माहितगाराला विचारलं. तो म्हणाला, आतली दारू ओलसर झाली तर गोळा जिथं पडायला हवा त्याच्या अलीकडे पडतो. अलीकडे आपलीच माणसं असतात. मी हे नानांना सांगितलं तेव्हा रबरी रिंग त्यांनी स्वतः जाऊन निवडून आणली.

आमचा दर सर्वांत कमी निघाला. आधी थोडा माल करून दाखवा, तो पास झाला तर पुढची ऑर्डर, अशी अट होती. आम्ही साचा करवून घेतला आणि पहिल्या नळ्या काढल्या. तपासणीला त्यांचे एक साहेब आले. बरोबर एक मदतनीस होता. साहेब मऊ बोलणारे, पन्नाशीचे, बिनसाखरेचा चहा पिणारे गृहस्थ होते. त्यांनी नळ्या उंचावरून टाकून पाहिल्या. मग आमच्या पाइप तपासायच्या हौदात बुडवून ठेवल्या. आत ठेवलेला टिपकागद कोरडाच निघाला. भिंतीची जाडी मोजली, तीही बरोबर. मला वाटलं, झालं.

मग साहेबांनी खिशातून रंगाचं कार्ड काढलं, एक नळी घेतली आणि ते शेडच्या बाहेर उन्हात गेले.

“रंग उजळ आहे,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही पाठवलेल्या कार्डावरूनच प्लास्टिकचा रंगीत दाणा बनवून घेतलाय.”

“उन्हात उजळ दिसतो.”

“मग सावलीत बघा ना.”

ते सावलीत आले, नळी कार्डाशेजारी धरली आणि म्हणाले, “सावलीत गडद दिसतो.”

त्यांच्या तोंडावर रागही नव्हता आणि हसूही नव्हतं. मदतनिसानं डबा उघडून प्रत्येक नळीवर ब्रशनं नामंजुरीची लाल फुली मारली. जाताना साहेब गाडीपाशी थांबले आणि मला बाजूला घेऊन सांगितल्यासारखं म्हणाले, “तुमचं काम चांगलं आहे. पण या कामाची एक पद्धत असते. धुळ्यात एक पुरवठादार आहेत, त्यांना भेटा. त्यांना पद्धत माहीत आहे.”

त्यांनी नाव सांगितलं. ते माझ्या मामांचं होतं.

सख्खे मामा नव्हेत, आईचे मावसभाऊ. पण आईला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे दर भाऊबीजेला तेच यायचे. तरुणपणापासून ते लष्कराच्या एका भांडारात कारकून होते. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी धुळ्यात जुन्या भागात एक खोली घेतली होती. खोलीत एक सोफा, एक टेबल, एक थंड पाण्याचं यंत्र आणि भिंतीवर निरनिराळ्या अधिकाऱ्यांबरोबरचे फोटो. मामा काहीतरी पुरवतात एवढंच आम्हाला माहीत होतं. काय पुरवतात हे कुणी विचारलं नव्हतं. ब्लँकेट, कुलपं, तंबूच्या दोऱ्या, असं काही असेल असं मी धरून चालले होते.

मी फोन करायच्या आधीच मामांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी ते जळगावला आले. नानांच्या पाया पडले, चहा घेतला आणि सरळ विषयावर आले.

“नाना, तुम्ही माल करा. ऑर्डर मी माझ्याकडे वळवून घेतो, नाव माझं लावू. पुढं काही अडचण येणार नाही.”

“आणि रंगाचं काय?” नानांनी विचारलं. “दाणा पुन्हा बनवायचा का?”

“कशाला? त्याच नळ्या द्या.”

“ह्या? ह्यांच्यावर फुल्या आहेत, भाऊ.”

“फुल्या पुसता येतात.”

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार होते? साच्याचा खर्च झालेला होता आणि शेडमधली माणसं पावसाळाभर बसून राहणार होती. नानांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. संध्याकाळी मामांचा टेम्पो आला आणि नळ्या घेऊन गेला.

पुढची तपासणी धुळ्याला झाली. मामांनी त्यासाठी एका बंद पडलेल्या ऑइल मिलचं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. तिथं एक हौद होता, पण तो वापरायचा कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मामांनी मला बोलावून घेतलं. मी एसटीनं गेले. गोदामात पोचले तर तेच साहेब खुर्चीवर बसलेले. मला बघून ते किंचित हसले.

“तुम्ही इथंही?”

“माहेर आहे माझं,” मी म्हटलं.

“अच्छा,” ते म्हणाले आणि मामांकडे वळून म्हणाले, “चहा बिनसाखरेचा सांगा.”

नळ्या त्याच होत्या. थिनरनं फुल्या पुसल्या होत्या आणि जिथं बोळा जोरात फिरला होता तिथं प्लास्टिकला जरा चकाकी आली होती. साहेबांनी तपासणी मात्र पूर्ण केली, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी नळ्या टाकून पाहिल्या, बुडवून पाहिल्या, जाडी मोजली. शेवटी कार्ड काढलं. गोदामात एकच ट्यूबलाइट होती, तिच्याखाली नळी धरली.

“रंग जुळतो,” ते म्हणाले. मग त्या चकाकीवरून बोट फिरवून माझ्याकडे न बघता म्हणाले, “फिनिशिंग चांगलं आहे.”

मामांच्या नावाचा शिक्का बसला. मला राग आला असं म्हणता येणार नाही. हसू आलं असंही नाही. येताना एसटीत मी एवढाच विचार करत होते की आता रिंगची पुढची ऑर्डर द्यायला हवी.

त्यानंतर काही काळ काम सुरळीत चाललं. माल आमच्याकडे निघायचा, मामांच्या गोदामात जायचा, तिथून पुढं. मामांचा वाटा, साहेबांचा वाटा, साहेबांच्या वरच्यांचा वाटा, हे सगळं आमच्या दराच्या वर कुठंतरी बसवलेलं होतं आणि ते सरकार भरत होतं. नाना त्याबद्दल बोलत नसत. पण प्रत्येक नळी हौदात गेल्याशिवाय टेम्पोत चढायची नाही, हा नियम त्यांनी घालून दिला होता. सरकारी तपासणीत ढिगातल्या थोड्याच नळ्या उचलून बघतात. आमच्याकडे सगळ्या जायच्या. कामगार कंटाळायचे. नाना खुर्ची टाकून हौदाजवळ बसायचे आणि म्हणायचे, “बुडबुडा दिसला की मला हाक मारा.”

मग एके दिवशी मामा पुन्हा आले. या वेळी त्यांना बसायलाही वेळ नव्हता.

“नाना, नळीचा दर खाली आणावा लागेल.”

“याच्या खाली जमणार नाही. दाण्याचे भाव तुम्हाला माहीत आहेत.”

“कोरा दाणा कशाला वापरता? रिप्रोसेसचा वापरा. भिंतही थोडी पातळ करा. ती कोण मोजत बसणार आहे?”

“साहेब मोजतात की.”

“साहेब मोजतील आणि बरोबर भरेल,” मामा म्हणाले. “नाना, वरचे लोक वाढलेत. पहिले दोघं होते, आता तिथं नवीन कुणीतरी आलंय, त्यालाही बघावं लागतं. ते कुठून काढू मी? नळीतूनच काढावं लागणार.”

रिप्रोसेसचा दाणा म्हणजे जुने पाइप, बादल्या, खुर्च्या वितळवून केलेला. ठिबकच्या काही स्वस्त मालात तो चालतो, शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. पण उन्हात पडला की तो लवकर तडकतो. नानांनी हे मामांना शांतपणे समजावून सांगितलं, जणू मामांना ते माहीत नव्हतं.

“म्हणजे नाही?” मामांनी विचारलं.

“नाही जमायचं, भाऊ.”

मामा रागावले नाहीत. “बरं,” म्हणाले, पाया पडले आणि गेले. पुढच्या महिन्यापासून टेम्पो यायचा बंद झाला. मामांनी दुसऱ्या राज्यातला कुणीतरी गाठला, असं कानावर आलं. आम्ही परत ठिबकचे एल्बो आणि टी काढायला लागलो. इथं ही गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती.

साधारण पुढच्या केळीच्या हंगामात मामांच्या माणसानं एक पिशवी आणून दिली. आत नव्या मालातल्या काही नळ्या होत्या. बरोबर निरोप असा की झाकण नीट बसत नाही, नानांनी जरा बघून काय करायचं ते सांगावं. मामांना यात काही वावगं वाटलं नव्हतं. नाना पाइपातले जाणकार, आणि घरचे. मग विचारायला काय हरकत?

नानांनी झाकण फिरवून पाहिलं. आतले आटे उथळ होते. त्यांनी एक नळी हौदात धरली. झाकणाखालून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली आणि थांबेचना. दुसरी धरली, तेच. तिसरीच्या भिंतीलाच केसाएवढी चीर होती. त्यांनी ओल्या हातानंच मामांना फोन लावला आणि माझ्यासमोरच बोलले.

“भाऊ, झाकण दुरुस्त होण्यासारखं नाही. ह्या नळ्या पाठवू नका.”

पलीकडून मामा काय म्हणाले ते मला ऐकू आलं, कारण ते नेहमी मोठ्यानं बोलतात. “नाना, त्या तर गेल्या. पास होऊन गेल्या. मी पुढच्या खेपेसाठी विचारत होतो.”

नानांनी फोन ठेवला. जेवण झाल्यावर म्हणाले, “सूनबाई, तक्रार लिही.”

“मामांविरुद्ध?”

“नळीविरुद्ध लिही. नावं ते शोधतील.”

मी लिहिली. जे घडलं तेच, आमच्या फुल्या मारलेल्या नळ्यांसकट. नानांचं म्हणणं होतं की अर्धं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. तक्रार दक्षता विभागाकडे गेली. बरेच दिवस काही झालं नाही, मग दोन अधिकारी जळगावला आले. एक विचारत होता, दुसरा लॅपटॉपवर टाइप करत होता. दोघं सभ्य होते. मी तडकलेली नळी टेबलावर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि बाजूला सरकवली.

“ही नळी पुरवलेल्या मालातलीच आहे याला पुरावा काय?”

“पुरवठादाराच्या माणसानं आणून दिली.”

“पावती?”

“नातेवाईक आहेत. पिशवी पाठवली, पावती कशी असेल?”

“म्हणजे पुरवठादार तुमचे नातेवाईक आहेत.” दुसऱ्यानं ते टाइप केलं. “आणि तुमच्याकडचं काम त्यांनी बंद केल्यावर तुम्ही तक्रार केलीत.”

“काम आम्ही नाकारलं,” नाना म्हणाले.

“तसं कुठं लिहिलेलं आहे का?”

कुठंच नव्हतं. मग त्यानं आमचीच तक्रार पुढं ओढली. “इथं तुम्ही म्हणता की नामंजूर झालेल्या नळ्या फुल्या पुसून दुसऱ्या नावानं दिल्या गेल्या. त्या तुमच्याच होत्या ना?”

“हो,” मी म्हटलं. “पण त्यांच्यात दोष काहीच नव्हता. रंगावरून नाकारल्या होत्या.”

“नाकारल्या होत्या ना?”

“हो.”

तेवढं टाइप झालं. त्या दोघांनी मुद्दाम काही वाकडं केलं असं मला आजही वाटत नाही. त्यांना एक सरळ, कबूल केलेली गोष्ट सापडली आणि बाकीच्या गोष्टी वाकड्या होत्या. त्यांनी सरळ गोष्ट उचलली.

निकाल असा लागला की आमच्या फर्मला काही वर्षं संरक्षण खात्याच्या कोणत्याही खरेदीत भाग घेता येणार नाही. मामांनी जबाबात सांगितलं होतं की जळगावच्या पार्टीनं आपल्याला नामंजूर माल नवा म्हणून दिला आणि आपण फसलो. त्यांना ताकीद मिळाली. साहेबांची बदली झाली. कुठं, हे मामांनीच नंतर सांगितलं: खरेदीच्या मुख्य कार्यालयात, वरच्या जागेवर.

मला खरं दुःख झालं ते मामांच्या जबाबाचं. फसलो म्हणायची काय गरज होती? नानांना मात्र ते फारसं लागलं नाही. त्यांना सारखी त्या गेलेल्या नळ्यांची काळजी. त्या परत मागवल्या का, एवढंच विचारणारं एक पत्र त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं. त्याला उत्तर आलं नाही. आणखी एक लिहिलं, त्याला पोच आली.

त्या दिवाळीत मी धुळ्याला गेले. भाऊबीजेच्या सकाळी आई पाट मांडत होती. मी म्हटलं, “आई, मामांना बोलावलंयस?”

“दरसाल येस तो,” ती म्हणाली.

“त्यांनी आमच्यावर काय शेकवलं ते तुला माहीत आहे ना?”

“माले बठ्ठं माहीत शे.” ती रांगोळीची रेघ पुरी करूनच वर बघती झाली. “तो मना भाऊ शे. तू तुनं काम कर, मी मनं करसू.”

मामा आले, पाटावर बसले, आईनं ओवाळलं. ताटात ओवाळणी ठेवून त्यांनी माझ्या मुलीलाही खाऊ दिला. मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत राहिले. जाताना ते दारातून म्हणाले, “येतो बेटा.” मी “हो” म्हटलं.

नंतर आमच्या साच्याला गिऱ्हाईक आलं. माणूस बाहेरचा होता, पण त्याला साच्याची मापं तोंडपाठ होती, त्यामुळे तो कुणाचा हे विचारायची गरज पडली नाही. मी नानांना म्हटलं, देऊ नका, गॅस कटरनं कापून भंगारात घालू.

नाना म्हणाले, “त्यांचं काम चालूच राहणार आहे. आपण कापला तर ते तसलेच उथळ आटे पाडत राहतील. या साच्यातून निदान झाकण तरी धड बसेल.”

“आणि दाणा? तो तर ते भंगाराचाच वापरणार.”

“दाणा माझ्या हातात नाही. साचा आहे.”

आमचं यावर चांगलंच वाजलं, म्हणजे आमच्या घराच्या मानानं. मी म्हटलं, ज्यांनी आपल्याला बाहेर काढलं त्यांचीच सोय आपण का करायची. नाना म्हणाले, नळी त्यांच्या घरी राहत नाही. शेवटी कारखाना त्यांचा, साचा त्यांचा. त्यांनी तो दिला, आणि देताना त्या माणसाला अर्धा दिवस उभं करून रिंग कशी बसवायची, मशीन किती तापवायचं, हे सगळं दाखवलं. तो मान डोलावत होता. किती कळलं कुणास ठाऊक.

गेल्या वर्षी जामनेरला एका लग्नात मामा भेटले. जेवण झाल्यावर आमची गाडी सुरूच होईना, तेव्हा त्यांनी नानांना आणि मला आपल्या गाडीत घेतलं. वाटेत त्यांना दोन फोन आले. एकात ते कुणाला तरी निविदेतली अट समजावून सांगत होते: अनुभवाचं वाक्य असं लिहायचं की तिथं दुसरा कुणी बसणारच नाही. नाना खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होते.

घराशी आल्यावर नानांनी त्यांना चहाला वर बोलावलं. मला ते नको होतं, पण चहा मीच केला.

“नळ्यांचं कसं चाललंय?” नानांनी विचारलं. “झाकण बसतं का आता?”

“कुठल्या नळ्या?” मामा म्हणाले. मग त्यांना आठवलं. “ते काम बंद झालं नाना. नमुनाच बदलला. आता दुसऱ्या प्रकारची पेटी मागवतात, ती बाहेरून येते. माझ्याकडे हल्ली सोलरचे दिवे आहेत.”

“मग साचा?”

“असेल त्याच्याकडे पडलेला.”

नानांनी बशीत चहा ओतला. “आणि त्या आधी गेलेल्या? पातळ भिंतीच्या?”

“त्या वापरल्या गेल्या असतील,” मामा म्हणाले. “किंवा असतील कुठल्या भांडारात. आता कोण बघतंय?”

नानांनी बशी तोंडाला लावली नाही. ते मला म्हणाले, “सूनबाई, उद्या एक पत्र लिहायचंय.” मामांनी कप खाली ठेवला, घड्याळ बघितलं आणि धुळ्याला पोचायला उशीर होईल म्हणून ते उठले.